पहिला तास गावाचा, दुसरा सरकारचा



जिल्हा बैठकीपुढे कापसाचा भाव आहे, पीकविम्याचा घोळ आहे, रात्रीच्या विजेचा प्रश्न आहे. यातला एकही विषय मागे ठेवा असे आमचे म्हणणे नाही. पण फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी आणखी एका विषयाला अर्धा तास मिळावा, अशी आमची मागणी आहे. विषय आहे फवारणी करताना विषबाधा झालेल्या आणि शेतात-घरात साप चावलेल्या माणसाचा.

कोणी म्हणेल, हा आरोग्य खात्याचा विषय आहे, शेतकरी चळवळीचा नाही. आम्हाला हे पटत नाही. कृषिमूल्य आयोग कापसाचा उत्पादन खर्च काढतो तेव्हा बैलाचा चारा मोजतो, मजुरीचे तास मोजतो, बियाण्याची थैली मोजतो. त्यात दवाखान्याच्या बिलाचा रकाना नाही. फवारणाऱ्याचा जीव तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. जो खर्च हिशेबात येत नाही तो शेतकऱ्याच्या अंगावर पडतो, हे आपण भावाच्या लढाईत शिकलो. इथेही तेच आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. फवारणीच्या विषाने किंवा सर्पदंशाने दगावणाऱ्यांपैकी पुष्कळ माणसे उपायच नाही म्हणून जात नाहीत. काय झाले आहे हे उशिरा ओळखले जाते, चुकीच्या दारात वेळ जातो आणि योग्य दवाखाना गाठेपर्यंत श्वास थांबत येतो, म्हणून ती जातात. हा उशीर तोडायचा असेल तर पहिला तास गावाने सांभाळावा लागेल. त्यापुढचा वेळ सरकारने सांभाळावा, यासाठी भांडावे लागेल. पहिले काम केल्याशिवाय दुसऱ्याला जोर येत नाही आणि दुसरे झाले नाही तर पहिले वाया जाते.

औषध म्हणतो, ते विष आहे

आपल्याकडे कोणी कीटकनाशक म्हणत नाही. 'कपाशीला औषध मारलं', 'औषधाचा डबा आण', असेच म्हणतात. तापाची गोळी औषध आणि बोंडअळीवरचे विषही औषधच. शब्द साधा आहे, पण त्याने माणूस बेसावध होतो. औषधाने कोणी मरते का, असे मनात कुठेतरी बसलेले असते.

२०१७ चा हंगाम विदर्भ विसरलेला नाही. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. पुष्कळांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे प्रश्न गेला. कृषीच्या अंगाने पाहिले तर त्या वर्षी अनेक गोष्टी एकत्र आल्या होत्या. कपाशी माणसाच्या डोक्याला लागेल इतकी वाढलेली आणि दाट होती. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानत नव्हती. हवा दमट, वारा पडलेला. जास्त दाबाचे पंप आलेले, त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक. आणि एकाच पंपात दोन-तीन कीटकनाशके, वरून टॉनिक आणि विद्राव्य खत असे मिसळून मारण्याची पद्धत पडलेली. माणूस दिवसभर त्या धुक्यात चालत होता.

त्यानंतर काही बदलले, काही नाही. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के या कीटकनाशकाची नोंदणी केंद्र सरकारने २०२३ च्या आदेशाने रद्द केली. त्याच कुळातली, म्हणजे सेंद्रिय फॉस्फरस वर्गातली, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनालफॉस ही नावे मात्र आपल्या ओळखीची राहिलीच. म्हणून या वर्गाची विषबाधा कशी ओळखायची हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः बायकांना माहीत हवे. कारण त्रास पुष्कळदा शेतात सुरू होत नाही. माणूस संध्याकाळी घरी येतो, 'अंग मोडून आलंय' म्हणून आडवा होतो आणि रात्री बिघडतो. त्या वेळी जवळ असते ती घरची माणसे.

ओळखायचे कसे

हे विष तोंडानेच जाते असे नाही. नाकाने जाते आणि त्याहून जास्त कातडीने जाते. पाठीवरचा पंप गळतो, सदरा भिजतो, पाठ, मांड्या आणि जांघा ओल्या राहतात. घामाने उघडलेली कातडी ते ओढून घेते. त्याच हाताने खर्रा घोटला किंवा तंबाखू मळली की तोंडानेही जाते. शरीरात एक द्रव्य मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना पोचला की तो पुसून टाकते. हे विष त्या द्रव्यालाच निकामी करते. निरोप पुसला जात नाही, तो चालूच राहतो. म्हणून अंगातल्या साऱ्या ग्रंथी वाहू लागतात आणि स्नायू आधी फडफडतात, मग ढिले पडतात.

सुरुवातीची लक्षणे अशी: डोके दुखणे, मळमळ, भोवळ, धूसर दिसणे, प्रमाणाबाहेर घाम. पुढची लक्षणे: तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांतून-नाकातून पाणी, ओकाऱ्या, पोटात मुरडा, जुलाब, छातीत दाटल्यासारखे होऊन घरघर. गंभीर लक्षणे: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे, अंगावरचे मांस जागोजागी उडणे, बोलणे अडखळणे, धुंदी, झटके, श्वास मंदावणे.

गावात याला 'ऊन लागले', 'पित्त झाले' म्हणून लिंबू-पाणी पाजून झोपवतात. फरक ध्यानात ठेवा. उन्हाच्या जबर झटक्यात अंग तापून भट्टी होते आणि बहुधा कातडी कोरडी पडते. या विषबाधेत अंग घामाने ओलेचिंब, तोंडाला लाळ आणि बाहुली बारीक असते. तरीही शंका राहिली तर एकच नियम: त्या दिवशी फवारणी केली असेल आणि वरचे कोणतेही लक्षण दिसत असेल, तर ती विषबाधाच समजा आणि निघा. खोटी ठरली तर गाडीभाडे जाईल. खरी ठरली आणि बसून राहिलो तर माणूस जाईल.

कपाशीत आपण हे शिकलेलोच आहोत. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले किंवा शंभरातली दहा फुले-बोंडे किडकी निघाली, की आपण थांबत नाही. आर्थिक नुकसानीची पातळी आली असे म्हणतो. बोंडासाठी जी पातळी ठरवली, तशी माणसासाठीही ठरवली पाहिजे. फवारणीच्या दिवशी मळमळ आणि घाम ही माणसाची नुकसान पातळी.

गाडी येईपर्यंत

पहिली गोष्ट, माणसाला फवारलेल्या वावरातून बाहेर मोकळ्या हवेत आणा. दुसरी, भिजलेले कपडे ताबडतोब काढा, लागल्यास कापून काढा. काढणाऱ्याने हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात, नाहीतर तोही आजारी पडेल. तिसरी, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा. केस, कानामागची जागा, काखा, नखे विसरू नका. डोळ्यांत गेले असेल तर साध्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. मात्र धुण्यासाठी गाडी थांबवून ठेवू नका. चौथी, ओकारी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर माणसाला कुशीवर झोपवा, उताणा ठेवू नका.

करू नये तेही ऐका. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. दूध, तूप, अंड्याचा बलक, ताक, दारू काही पाजू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो फुप्फुसात जातो.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी: डबा, त्याच्यावरची चिठ्ठी किंवा आतले पत्रक बरोबर घ्या. एका पंपात तीन कीटकनाशके घातली असतील तर तिन्ही डबे, पिशवीत बांधून. लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो, पण उपचार ठरतो तो आतल्या रसायनाच्या नावावरून. सेंद्रिय फॉस्फरसवर ॲट्रोपिन हा उतारा आहे, त्याच्या जोडीला प्रॅलिडॉक्सिम देतात. दुसऱ्या कित्येक कीटकनाशकांवर असा खास उतारा नाही, तिथे श्वास आणि रक्तदाब सांभाळणे हाच उपचार. डॉक्टरला 'औषध मारलं' एवढेच सांगितले तर त्याने कशावरून ठरवायचे? एका कागदावर चार ओळी लिहा: कोणते रसायन, किती वाजल्यापासून किती पंप मारले, त्रास केव्हा सुरू झाला, आतापर्यंत कोणी काय दिले.

कोणत्या दारात जायचे

माणसे जास्त करून इथे दगावतात. आधी गावातला ओळखीचा डॉक्टर सलाईन लावतो. तिथे दोन तास जातात. मग तालुक्याचा खासगी दवाखाना म्हणतो, जिल्ह्याला न्या. जिल्ह्याला पोचेपर्यंत मध्यरात्र होते. सलाईन हा विषावरचा उतारा नाही, हे एकदा मनाशी पक्के करा.

आमचा सल्ला असा. १०८ ला फोन करा. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. वाटेतल्या ज्या पहिल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर, ॲट्रोपिन आणि ऑक्सिजन आहे तिथे पहिला डोस घ्या. मग जिथे कृत्रिम श्वासाचे यंत्र आणि ते चालवणारा भूलतज्ज्ञ किंवा फिजिशियन आहे, तिथेच जा. यवतमाळ, अकोला, नागपूर, चंद्रपूर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई, जळगाव, धुळे इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. निघण्याआधी पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना पुढच्या दवाखान्यात फोन करायला लावा. खाट आहे का, यंत्र मोकळे आहे का, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तिथून डॉक्टरांना फोनवर सल्ला घेता येतो. त्याचीही आठवण करून द्या.

आणखी एक धोका सांगतो. उपचाराने माणूस शुद्धीवर येतो, चहा मागतो, आणि आपण 'आता बरा आहे, वखर खोळंबला आहे' म्हणून दुसऱ्या दिवशी घरी आणतो. या विषात एक ते चार दिवसांनी दुसरा झटका येऊ शकतो. त्यात लाळ-घाम नसतो. मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. याची एक साधी खूण आहे: रोग्याला उशीवरून डोके उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर लगेच डॉक्टरला बोलवा. चार-पाच दिवस दवाखाना सोडायचा नाही, डॉक्टर सांगेपर्यंत तर नाहीच.

दोन विषे वेगळी आहेत

तणनाशकातले पॅराक्वाट हे त्यातले एक. ते पोटात गेल्यावर तोंड-घसा भाजल्यासारखा होतो, पण माणूस एक-दोन दिवस हिंडता-फिरता दिसतो. मग मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होतात. त्याला उतारा नाही. 'काही झालेले दिसत नाही' म्हणून यात थांबणे म्हणजे संधी घालवणे. एक घोट गेला तरी त्याच घटकेला मोठा दवाखाना गाठा.

दुसरे आहे ज्वारीच्या साठवणीत टाकायची ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. दमट हवेत तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. ज्या खोलीत ज्वारीची पोती आहेत त्याच खोलीत लेकरे निजतात, ही आपल्या घरांची रचना. खोकला, छातीत आवळणे, ओकाऱ्या आणि एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास दिसला, तर शिळे अन्न बाधले असे समजून बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग दवाखाना. यालाही उतारा नाही. राहत्या घरात ही गोळी ठेवायचीच नाही. कडक ऊन दिलेली ज्वारी आणि घट्ट झाकणाची कोठी यावरच भर द्या.

सापाचे तसेच

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. ही माणसे मुख्यतः खेड्यातली आणि मरणकाळ मुख्यतः पावसाळ्यातला. म्हणजे आपण, आणि आपला हंगाम. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे त्यात ठरले आहे. आराखडा दिल्लीत आहे, साप आपल्या गंजीत आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर एकच लस चालते. घोणस-फुरसे चावले तर सूज येते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. नाग चावला तर सूज आणि लुळेपणा. मण्यार फसवते. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. एका दमात मोजता येणारे आकडे कमी होत जातात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे अशा तक्रारीने उठला तर ती मण्यारच समजा.

चावा कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका, साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. हात किंवा पाय पट्टी लावून मोडल्या हाडासारखा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. घोणस-फुरश्याच्या शंकेत डॉक्टर दोन मिलिलीटर रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून ते गोठते का पाहतात. त्याला एक काचेची नळी आणि घड्याळ लागते. 'आमच्याकडे सोय नाही' हे उत्तर या तपासणीपुरते ऐकून घेऊ नका.

गावातल्या मांत्रिकाशी आमचे भांडण नाही. मंत्र गाडीत बसून म्हणावा. बिनविषारी साप चावलेला त्याच्या मंत्राने बरा होतो आणि विषारी चावलेला नशिबाने मरतो, हा हिशेब आता पुरे झाला.

जवळचे ज्ञान मोठ्या यंत्राच्या आधी

हे जमेल का, असे विचाराल तर महाराष्ट्रातली दोन कामे पाहा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून दाखवली. जिथे दहातले तीन-चार रोगी दगावत, तिथे मृत्यू शेकड्याला एकाच्या आसपास आले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे शहाणपण एकच: ओळखणारा माणूस रोग्याजवळ हवा आणि पहिला उपाय हाताशी हवा. तज्ज्ञाची गरज याने कमी होत नाही. तज्ज्ञापर्यंत माणूस जिवंत पोचतो.

तीन अडसर

पहिला अडसर पैशाचा. खिशात पाच हजार असल्याशिवाय निघायचे नाही, म्हणून रात्र काढली जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. कोणता उपचार बसतो हे योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र सांगतो. शिधापत्रिका आणि आधार यांच्या प्रती फवारणीच्या हंगामात एका पिशवीत तयार ठेवा. पण कागद नाही म्हणून निघणे थांबवू नका, कागद मागून येतो.

दुसरा अडसर पोलिसांचा. विषबाधा म्हटली की पोलीस येणार, 'प्यायला' म्हणून लिहिणार, या भीतीने लोक खरे सांगत नाहीत. पोलिसांना कळवणे हा दवाखान्याचा नेहमीचा रिवाज आहे, त्यात गुन्हा नाही. उलट पुढे मदत मागताना तोच कागद कामी येतो. फवारताना झाले असेल तर तसे स्पष्ट नोंदवून घ्या. आणि कोणी खरोखरच घेतले असेल, तर तेही लपवू नका. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही अशा माणसाला उपचार द्या म्हणतो. त्या माणसाचा पहिला तासही तेवढाच मोलाचा आहे. कर्जाने, नापिकीने मन खचलेल्या भावाला १४४१६ या टेलीमानसच्या क्रमांकावर रात्रीबेरात्रीही बोलता येते. ज्या घरात असा माणूस आहे तिथले डबे शेजारच्या कुलपात जाऊ द्या.

तिसरा अडसर आपल्यातच आहे, तोही बोलला पाहिजे. फवारणारा पुष्कळदा शेतमालक नसतो, पंपावर रोज घेणारा मजूर असतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशकाची विषबाधा आणि सर्पदंश दोन्ही बसतात, मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात. पण ती योजना खातेदार आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याच्या विधवेने कुठे अर्ज करायचा? आपण घामाचे दाम मागतो. तो घाम त्याचाही आहे. म्हणून ज्याच्या वावरात फवारणी, त्याने मजुराला हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे आणि आंघोळीला साबण-पाणी दिलेच पाहिजे, आणि त्रास झाला तर गाडी त्याने काढली पाहिजे. १९७१ चे कीटकनाशक नियमही फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्या म्हणतात. कायद्याआधी हे माणुसकीत बसते.

बैठकीपुढे आमचा ठराव

पहिल्या फवारणीच्या आत प्रत्येक गावशाखेने पाच कामे करावीत. एक, रात्री निघू शकणाऱ्या दोन गाड्या आणि चालक ठरवावेत, भाड्याचा फंड आधीच बाजूला काढावा. दोन, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि कृत्रिम श्वासाचे यंत्र चालू असलेला दवाखाना यांची नावे, अंतरे आणि फोन ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावेत. तीन, प्राथमिक केंद्रात जाऊन ॲट्रोपिन आणि सर्पदंशाची लस किती शिल्लक आहे ते दर पंधरवड्याला विचारून लिहावे. चार, आशाताई आणि दोन तरुण यांना लक्षणे तोंडपाठ असावीत. पाच, कोणीही एकट्याने फवारू नये, आणि फवारणाऱ्याच्या घरी त्या रात्री एकदा चक्कर मारावी.

सरकारकडे मागण्या अशा. जुलै ते ऑक्टोबर प्रत्येक कापूस तालुक्यात ॲट्रोपिन, लस आणि ऑक्सिजन संपता कामा नये, साठा फलकावर लिहावा. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी उपजिल्हा रुग्णालयात व्हावी. ही तपासणी वेळेवर होत नाही, ही तक्रार २०१७ साली वारंवार पुढे आली होती. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात अशी विषे नियमित हाताळणाऱ्या मजुरांच्या रक्तावर १९७४ पासून लक्ष ठेवले जाते, मग आपल्या मजुराचे रक्त काय स्वस्त आहे? कीटकनाशक कायदा १९६८ च्या कलम २६ प्रमाणे प्रत्येक विषबाधेची नोंद सक्तीची करून आकडे दर महिन्याला जाहीर करावेत. डब्यावरची मराठी माहिती वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात असावी. आणि अपघात योजनेत सातबारा नसलेल्या फवारणाऱ्यालाही घ्यावे.

या मागण्यांचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देताना सोबत आपल्या गावांच्या साठ्याच्या वह्या ठेवू. 'औषध उपलब्ध आहे' असे उत्तर आले की कोणत्या तारखेला कोणत्या केंद्रात किती होते, हे आपण वाचून दाखवू. आकडा हातात असला की साहेबाचा आवाज खाली येतो, हे आपल्याला कापसाच्या भावात कळले आहे.

कपाशी गेली तर पुढच्या मृगाला पुन्हा टोबता येते. तेव्हा या ठरावाला हात वर करायचा तर गावी परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी भिंत रंगवायला बसायचे, एवढे कबूल करून करा.